दसऱ्याला लावलेलं दार

आमच्या लोकांत वर्षातून एकदा पंचवीस तासांचा कडक उपास असतो. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पांढरे कपडे घालायचे, दिवसभर प्रार्थना करायची आणि सरलेल्या वर्षातली पापं देवापुढं कबूल करायची. पुस्तकात त्याला किप्पूर म्हणतात. कोकणातले माझे आजोबा मात्र त्याला दार लावायचा सण म्हणत. त्या दिवशी घराचं दार आतून लावून घ्यायचं, बाहेरच्या कोणाला भेटायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, अशी त्यांची रीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. पुस्तकं आमच्यापर्यंत उशिरा पोचली, रीती त्याआधीपासून होत्या.

मी ज्या उपासाबद्दल लिहितो आहे तो परभणीत झाला, आणि चुकीच्या दिवशी झाला. दिवस मी सांगितला होता. नुसती चूक असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पाथरीला कालव्याच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो. साहेबांच्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची रेघ शाईनं वर उतरवायची, एवढंच काम. रेघ बरोबर की चूक हे ट्रेसरनं बघायचं नसतं. वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं. वडिलांनी पत्रात लिहिलं, परभणीत आपल्यातली एक बाई आहे, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, विधवा, एकटी असते, जाऊन भेट. एका रविवारी एसटीनं गेलो.

गल्लीत नर्सबाईंचं घर विचारलं तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण, यहुदन का?" आणि हातानं दार दाखवलं. दार उघडलं ते साठी उलटलेल्या, हाडापेरानं मजबूत बाईनं. मी ओळख सांगितली. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आपल्यातला हायेस तर शेमा म्हणून दाखव."

देव एक आहे असं सांगणारी ती आमची रोजची प्रार्थना. मी उंबऱ्यातच उभा राहून म्हटली. तिनं डोक्यावर पदर घेतला, डोळे झाकले, आणि संपल्यावर म्हणाली, "आता आत ये. चहा घेतोस ना?"

चहा पिताना तिनं तिचं काम सांगितलं. "माझ्या भावांना बापानं हिब्रू वाचायला शिकवलं. मला भाकरी थापायला बसवलं. मग नोकरी लागली. किप्पूरला माझी ड्युटी असायची. बाळंतिणीला काय सांगू, थांब म्हणून? आजवर एक उपास धड झाला न्हाई. आता डॉक्टर म्हणायलेत, काचबिंदू हाय, वर्ष-दोन वर्षं दिसंल, मग न्हाई. तेवढ्यात मला वाचायला शिकव. एक किप्पूर मला माझ्या डोळ्यांनी वाचून करायचाय."

"मावशी, या वयात नवी लिपी..."

"वय माझं हाय. तुला काय जड व्हायलंय?"

अशी आमची शाळा सुरू झाली. दर रविवारी सकाळची एसटी, मानवतरोड मागं टाकून परभणी, दुपारभर अभ्यास आणि दिवे लागायच्या आत परत. ती भराभर शिकली. निजामाच्या काळात तिचं नर्सिंगचं शिक्षण उर्दूत झालं होतं. "उजवीकडून डावीकडं? हे तर उर्दूवाणीच हाय," म्हणाली, आणि महिनाभरात अक्षरं लावू लागली. मोठ्या अक्षरांचं प्रार्थनेचं पुस्तक मी वडिलांकडून मागवलं. ती ते खिडकीशी, नाकाजवळ धरून वाचायची.

प्रार्थनेबरोबर नियमही आले. माझ्याकडं वडिलांच्या हातची एक वही होती, तिच्यावरून मी शिकवायचो. दुधाबरोबर मांस नको, जनावर अमुक रीतीनं कापलेलं हवं, हे सांगायला लागलो तर तिनं मला थांबवलं. "इथं आपल्या रीतीनं कापणारा कोणी न्हाई म्हणून मी चाळीस वर्षं वांगं खायलेय, आन् तू मला मटणाचे नियम सांगायलास?"

वहीच्या शेवटी स्वभावाचे धडे होते. आठवड्याला एक गुण घ्यायचा: सबुरी, नम्रपणा, जिभेवर ताबा. आठवडाभर त्यावर नजर ठेवायची आणि शेवटी आपण कुठं कमी पडलो ते दुसऱ्याला सांगायचं. मावशी बेधडक सांगायची. "सबुरी. दूधवाल्यावर दोनदा खेकसले. एकदा तर तो खरं बोलत होता." मी मात्र सांगायचो, सकाळची प्रार्थना घाईत उरकली, साहेबांविषयी मनात वाईट आलं. ती हसायची. "तुझी पापं लेका इस्त्री करून आणल्यावाणी असतात."

तेव्हा मीही हसत असे.

एकदा खरेपणाचा आठवडा आला. खोट्यापासून लांब राहा असं तोरा, म्हणजे आमचं धर्मपुस्तक, सांगतं, नुसतं खोटं बोलू नका असं नाही, हे मी तिला मोठ्या ऐटीत समजावलं. मग ओघानं किप्पूरचा नियम आला. देवाचं जे चुकलं ते उपासानं फिटतं. माणसाचं जे चुकलं त्याला उपास लागू पडत नाही. त्या माणसाकडंच जाऊन माफी मागावी लागते. त्यानं नाही म्हटलं तर परत जायचं, तीनदा जायचं.

मावशी बराच वेळ पुस्तकाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग तिनं शेजारच्या भिंतीकडं मान केली. भिंतीपलीकडं एक मास्तरीणबाई राहायच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत. घर बौद्धांचं. मावशीची औषधं आणणं, पत्रं वाचून दाखवणं त्याच करायच्या. दोघींचं इतकं चांगलं होतं की मला त्या नात्यातल्याच वाटायच्या.

"ती इथं नवी आली तवा," मावशी आवाज खाली आणून म्हणाली, "मी तिला चहा द्यायची तो वेगळ्या कपात. कान तुटलेला कप होता, खिडकीत ठेवलेला. ती प्यायची, मोरीवर धुवायची, परत खिडकीत ठेवायची. दोन वर्षं. मग एक दिवस मी तो कप फेकून दिला. ती काई बोलली न्हाई, मीबी न्हाई."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"दवाखान्यात समद्या जातींची बाळं ह्या हातानं घेतली मी. तिथं कधी असं आलं न्हाई मनात. घरी आलं की यायचं. आन् आमी पैल्यांदा ह्या गल्लीत आलो तवा लोकांनी आमचाबी गिलास वेगळाच ठेवला होता. मला ठाऊक होतं ते कसं लागतं." तिनं परत भिंतीकडं पाहिलं. "म्हणजे किप्पूरच्या आधी मला तिच्याकडं जावं लागंल."

"हो."

"यंदा कधी हाय उपास?"

इथं माझी चूक सुरू होते. वडील दर वर्षी छापील यहुदी दिनदर्शिकेतून सणांचे दिवस उतरवून पाठवत. त्या साली मी खोली बदलली त्यात तो कागद हरवला. पुन्हा मागितला असता तर वडील म्हणाले असते, एवढंही सांभाळता येत नाही. मी डोकं चालवलं. आदल्या साली किप्पूर बरोबर दसऱ्याच्या दिवशी आला होता. आमचे महिनेही चंद्राचे, उपास महिन्याच्या दशमीला. यंदा अधिक भाद्रपद होता, पण आमच्यातही अधिक महिना धरतात. चंद्र काय दोघांना वेगळा आहे? मी कालनिर्णय करून टाकला.

"दसऱ्याला," मी म्हणालो.

आमचा अधिक महिना त्यांच्या अधिक महिन्याबरोबरच येतो असं नाही. त्या फेरीत आमचा आधीच होऊन गेला होता. हे मला दसऱ्याच्या आठ दिवस आधी कळलं, वडिलांच्या पत्रातून. पोस्टकार्डावर एक ओळ होती: आमच्याकडे उपास नीट पार पडला, तुमचाही झाला असेल. तारखा जुळवून पाहिल्या. किप्पूर तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेला होता. त्या दिवशी मी कचेरीत दुपारचा डबा खाल्ला होता.

आठ दिवस होते. पाथरीहून परभणी काही लांब नाही. मधला रविवारही होता, आणि त्या रविवारी मी गेलोही. ठरवून गेलो की सांगायचं. मावशी खिडकीशी बसून कबुलीची प्रार्थना वाचत होती. त्या प्रार्थनेत पापांची यादी असते आणि प्रत्येक पापाला मुठीनं छातीवर हलकं मारायचं असतं. तिनं ती यादी न अडखळता वाचून दाखवली, आणि शाळकरी पोरीसारखं माझ्याकडं पाहिलं.

"एक सांग. ह्याच्यात समदीकडं आमी केलं, आमी केलं असं का? केलं एकानं आन् छाती समद्यांनी बडवायची?"

मी उत्तर दिलं. चांगलं दिलं, वहीतलं होतं. सगळी माणसं एकमेकांना जामीन असतात, वगैरे. आणि सांगायचं ते सांगितलं नाही. परतीच्या एसटीत मी स्वतःला पटवलं की म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणं हेही पापच. खरं कारण साधं होतं. त्या घरात मी गुरू होतो. बाहेर मी रेघा उतरवणारा ट्रेसर होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी मी तिच्या घरी पोचलो. तिनं दार लावलं. मी तिला आजोबांची रीत सांगितली होती, ती तिला फार आवडली होती. सकाळी ती पांढरी साडी नेसून बसली. पांढऱ्या साड्या तिच्याकडं नोकरीतल्याच होत्या. मी समोर. तिनं वाचायला सुरुवात केली.

आणि दारावर थापा पडू लागल्या. दसराच तो. गल्लीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. "नर्सबाई, सोनं घ्या!" आपट्याची पानं दाराच्या फटीतून आत येऊ लागली. ती दर खेपेला वाचता वाचता थांबायची, बोट ओळीवर तसंच ठेवायची आणि बाहेरचं माणूस गेलं की पुढं जायची. मी उपाशी होतो, तहानलेला होतो, आणि मला ठाऊक होतं की आज कसलाही दिवस नाही.

दहाच्या सुमारास वेगळी थाप पडली. "मावशी? तब्येत बरी हाय ना? दार का लावलंय?"

मास्तरीणबाई. मावशीनं पुस्तक मिटलं. तिनं आधी जायला हवं होतं, उपास लागायच्या आत. आठवडाभर ती उद्या उद्या करत राहिली होती. ती उठली आणि दार उघडलं.

मास्तरीणबाई पांढऱ्या साडीत होत्या. विहारात निघाल्या होत्या. धर्मांतर दसऱ्याला झालं, त्यांचा हा वर्षातला मोठा दिवस. मावशी उंबऱ्याच्या आत, त्या बाहेर.

"मला तुझी माफी मागायचीय," मावशी म्हणाली. "त्या कपाची."

"कुठला कप?"

"ठाऊक हाय तुला."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. "कान तुटलेला. वर निळी फुलं होती. मी तो तीन-तीनदा धुवायचे, मावशी. तुमाला दिसावं म्हणून."

"दिसायचं मला."

"झालं आता. किती वर्षं झाली."

"झालं न्हाई. माफ केलं म्हण. न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हण, मी परत येईन. तीनदा येईन."

"आजच्या दिवशी मी न्हाई कशी म्हणू? केलं माफ." त्यांनी मावशीचा हात धरला. शिवायचं नसतं हे मावशीला पाठ होतं. तिनं हात काढून घेतला नाही.

दार परत लावून ती बसली आणि संध्याकाळपर्यंत वाचत राहिली. दुपारी ओठ कोरडे पडले, अक्षरं दिसेनात, तरी एक पान सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "झाला बाबा. एक झाला." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहू शकलो नाही. मी पाणी आणायला उठलो.

चुकलेल्या दिवसाची गोष्ट मी पुढं ज्यांना सांगितली, त्यांतले पुष्कळ म्हणाले की त्या चुकीतून चांगलंच झालं. दिवस बरोबर असता तर ती माफी त्या उंबऱ्यावर मागितली गेली असती का? मला माहीत नाही. पण ती मागितली मावशीनं आणि दिली मास्तरीणबाईंनी. ती माझ्या नावावर धरायला मी तयार नाही.

वर्षभरात तिची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पुढच्या किप्पूरची तारीख या खेपेला वडिलांच्या हातची आली, आणि नियमाप्रमाणं उपासाआधी मला माफी मागायला तिच्याकडं जाणं भाग होतं. उपासाच्या तीन आठवडे आधी मी तिला सांगितलं. मावशी, गेल्या साली दिवस चुकला. आपला उपास आधीच होऊन गेला होता.

तिला कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "एकदाच वाचायचं होतं मला. एकदाच. आता तू सांगायलास?" आणि भिंतीकडं तोंड करून बसली. "जा तू."

पुढच्या रविवारी गेलो. तिनं दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या रविवारी तिनं आत बोलावलं, चाचपत स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला.

"तूच शिकवलंस, तीनदा यावं लागतं. आलास. आता एकच सांग. तुला कधी कळलं? दसऱ्याच्या आधी का नंतर?"

चहा उकळत होता. तिचे डोळे माझ्या दिशेनं होते, पण माझ्यावर नव्हते. मी म्हणालो, "नंतर. चार दिवसांनी पत्र आलं."

"मंग ती चूक झाली. खोटं न्हाई." तिनं मान हलवली. "चुकीला काय, माणूस हायेस. केलं माफ." कप माझ्या पुढं सरकवून ती म्हणाली, "दोनदा तुला घालवून दिलं. लय टोचून बोलले. मलाबी माफ कर."

मी म्हणालो, "केलं, मावशी."

त्या आठवड्यात खरा किप्पूर आला. दार लावलं, मी वाचू लागलो आणि ती माझ्यामागून म्हणू लागली. कबुलीच्या यादीत एक ओळ खोट्याची असते. तिथं आलो आणि माझी जीभ वळेना. मी पुढच्या ओळीवर गेलो.

"थांब," मावशी म्हणाली. "एक ऱ्हायली."

तिनं ती ओळ स्वतः म्हटली, छातीवर मूठ मारली, आणि मी पुढं वाचायची वाट पाहत राहिली. तिला काही कळलं होतं की नुसती यादी पाठ होती, हे मी तेव्हाही विचारलं नाही. पुढं माझी बदली झाली. ती गेल्याचं मला पत्रानं कळलं, तेही दोन महिन्यांनी.

पुष्कळ वर्षांनी परभणीला काम निघालं, तेव्हा मी त्या गल्लीत गेलो. मास्तरीणबाई निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं: पोस्टकार्ड, मधला रविवार, चहा उकळत असताना विचारलेला प्रश्न. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मंग आता मी काय करू? त्यांच्या वतीनं माफ करू? मला न्हाई करता येणार ते."

"नाही, मागत नाही. कोणाला तरी ठाऊक असावं."

त्या उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या.

"त्या दिवशी मी तोंडानं माफ केलं म्हणलं," त्या म्हणाल्या. "दारात उभी होते, सणाचा दिवस, समोर म्हातारं माणूस. मनानं करायला पुढं दोन वर्षं लागली. ते त्यांना मी एक दिवस सांगितलं. लय बरं वाटलं त्यांना. म्हणाल्या, हे खरं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी सांगायला पायजे होतं. त्यांनी तुमाला अजून तीनदा परत पाठवलं असतं."

"हो."

"पण चौथ्यांदा चहा दिला असता," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

आता किप्पूरला मी एकट्यानंच वाचतो. त्या ओळीपाशी थांबतो आणि ती मोठ्यानं म्हणतो. तिथं "आम्ही" लिहिलेलं आहे. मी "मी" म्हणतो. तसं म्हणायची परवानगी नाही, हे मला ठाऊक आहे.